पाळी

माझी पाळी थांबली त्या वर्षी
डॉक्टरीणबाई म्हणाल्या, हाडं ठिसूळ होतील,
चाला. जमलं तर पळा.
कुठे पळणार? सडकेवर उसाच्या ट्रॉल्या,
शाळेच्या मैदानात पोलीस भरतीची पोरं,
त्यांच्या शिट्ट्या, आणि मला बघून पडणारी शांतता.
उरला हा पाट.

बंधाऱ्यापासून निघायचं. काठाची पायवाट,
खाली तीन फड गव्हाचे, एक उसाचा,
मग फरशीवरून नदी ओलांडून पलीकडच्या काठाने परत.
पांझरा सबंध फेरीभर डाव्या हाताला.
मनगटावरचं घड्याळ म्हणतं, चार पूर्णांक सहा किलोमीटर.

दिवसभर मी साक्रीच्या कचेरीत जमिनी मोजते.
आमच्या नकाशात हा पाट म्हणजे एक बारीक निळी रेघ,
कुणीतरी हात न थरथरता काढलेली.
पायांखाली तो तसा नाही.
चिंचेपाशी विनाकारण वळतो,
दगडी मोरीत अंग चोरून घेतो,
एका खडकाला वळसा घालताना इतका वेळ लावतो
की वाटावं, जुनं काही देणं असेल.

कोणी खणला? विचारलं तर
प्रत्येक आळीचं उत्तर वेगळं.
तीनशे वर्षं म्हणतात, चारशेही म्हणतात.
एका रविवारी मी कचेरीतलं यंत्र आणून
त्याचा उतार तपासला,
आणि कुणाला काही न सांगता
यंत्र पेटीत ठेवून दिलं.

हिलाल पाटकरी मोरीवर बसलेला असतो,
मांडीवर फावडं, कानाला मफलर.
पहिल्याच आठवड्यात त्याने विचारलं,
‘काबरं पयस वं माय? कोन मांगे लागनं?’
हाडांसाठी, मी म्हणाले, धापा टाकत.
तो पाण्याकडेच बघत होता.
‘पानी बी पयस. पन उतार देखीसन.’

माघातल्या एका पहाटे पाट कोरडा दिसला.
तळाशी गुटख्याच्या पुड्या, एक चप्पल, करंजाची पानं.
वर बंधाऱ्याशी हिलाल दार उचलत होता.
‘आज शेवटना फडनी पायी शे.’
पायी म्हणजे पाळी. मला उमगायला क्षण लागला.
इकडे ळ असाच वाहून जातो.

मला वाटलं होतं, उसळत येईल.
ते आलं चिखलाला हनुवटी टेकवत,
तोंडाशी फेस, काड्या,
जीव घेऊन सुटलेले मुंगळे.
भेग लागली की थांबायचं.
ती भरायची. मगच पुढे.
मी बरोबरीने पळायला गेले
आणि दहा पावलांत एकटी पडले.
मागे आले. पुन्हा पुढे गेले. चालू लागले,
मग चालणंही जास्त झालं.
हेतल देसले, भरतीची तयारी करणारी,
‘काकू, बरं नाही का?’ म्हणत
वाऱ्यासारखी गेलीसुद्धा.

बरं होतं. फक्त आयुष्यात पहिल्यांदा
मी कुणाच्या तरी मागे न पडता
मागे राहत होते.

शेवटच्या फडाच्या बांधावर ठगूबाई बसलेल्या,
शाल डोक्यावरून, रात्री दोनपासून.
हा फड शेपटाचा. वरच्यांच्या मोटारी
मधेच पाणी पितात, तक्रारी होतात,
त्यांचे कागद फिरत फिरत माझ्याच टेबलावर येतात.
ठगूबाईंनी मला ओळखलं असेल, बोलल्या नाहीत.
पाणी बांधाशी आलं तेव्हा उठल्या,
आधी चपला काढल्या,
मग एका टाचेने माती फोडून त्याला आत घेतलं.
गहू हलला नाही. खालून काळा होत गेला.

उन्हं वर आली. कचेरीला उशीर नक्की.
घड्याळाने कळवलं: आजवरची सर्वात मंद फेरी.
आणि ती अजून अर्धीच झाली होती.
बुटांत चिखल. सांडव्यातून उरलंसुरलं
नदीत परत जात होतं, फार आवाज न करता.
फरशीच्या बाजूला थोडा उतार आहे.
तेवढा पळाले.